मार्गरेषेवर वस्तूंच्या प्रती कशा मांडाव्यात: ऑटोकॅडमधील पाथ ॲरे

वळणदार रस्त्याच्या कडेचे दिवे, नागमोडी कुंपणाचे खांब किंवा गोलाकार कठड्याच्या उभ्या दांड्या अशा एकाच वस्तूच्या अनेक प्रती वक्र रेषेवर ठरावीक अंतराने मांडण्याचे काम रेखाटनात वारंवार येते. प्रत्येक प्रत हाताने ठेवून ती वळणानुसार फिरवीत बसणे वेळखाऊ तर आहेच, शिवाय त्यात अंतरे हमखास चुकतात. ऑटोकॅड या संगणकीय रेखाटनाच्या सॉफ्टवेअरच्या २०१२ या आवृत्तीपासून या कामासाठी पाथ ॲरे ही स्वतंत्र कमांड उपलब्ध आहे. कमांड चालवायला काही क्षण पुरतात; वेळ द्यायचा तो तिच्या आधीच्या तयारीला.

सर्वप्रथम मार्गरेषा तपासावी. रेषा, पॉलिलाइन (सलग जोडलेल्या रेषा-कंसांची एकच रेषा), स्प्लाइन (मुक्त वक्र), कंस, वर्तुळ, लंबवर्तुळ किंवा हेलिक्स (मळसूत्री वक्र) यांपैकी काहीही मार्ग म्हणून चालते, परंतु तो मार्ग एकसंध असला पाहिजे. रेषेवर एकदा क्लिक करून पाहावे. संपूर्ण मार्गाऐवजी त्याचा एखादाच तुकडा निवडला गेला, तर जॉइन कमांडने किंवा पीएडिट या पॉलिलाइन संपादनाच्या कमांडमधील जॉइन पर्यायाने सर्व तुकडे जोडून घ्यावेत. त्यानंतर प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये मार्गाची एकूण लांबी पाहून ती लिहून ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावरच अवलंबून आहे.

ज्या वस्तूच्या प्रती काढायच्या आहेत तिचा ब्लॉक, म्हणजे एकच वस्तू म्हणून वापरता येणारा गट, करून घेणे केव्हाही श्रेयस्कर. ब्लॉकचा बेस पॉइंट (ज्या बिंदूने तो ब्लॉक जागेवर ठेवला जातो तो) असा निवडावा की तो बिंदू नेमका मार्गरेषेवर बसेल. खांबाच्या बाबतीत तळाचा मध्यबिंदू योग्य ठरतो. मूळ वस्तू मार्गाच्या आरंभबिंदूवर ऑब्जेक्ट स्नॅपच्या (नेमका बिंदू पकडणाऱ्या सुविधेच्या) साहाय्याने ठेवावी. ती रेषेपासून ३०० मिमी बाजूला राहिली, तर पुढच्या प्रतीही तेवढ्याच बाजूला सरकलेल्या दिसतात. रस्त्याच्या कडेपासून आत दिवे बसवताना हे मुद्दाम करता येते, पण नकळत झाले तर सगळी मांडणी बिघडते.

आता मुख्य निर्णय घ्यावा: प्रतींची संख्या ठरलेली आहे की त्यांच्यामधील अंतर? संख्या ठरलेली असेल तर डिव्हाइड ही पद्धत निवडावी. त्यात दिलेली संख्या मार्गाच्या संपूर्ण लांबीवर समान अंतराने वाटली जाते. अंतर ठरलेले असेल तर मेजर ही पद्धत निवडावी. समजा, मार्गाची लांबी १२,००० मिमी आहे आणि खांब १,५०० मिमी अंतराने हवे आहेत. भागाकार ८ येतो, पण तो खांबांमधील गाळ्यांचा आकडा आहे. दोन्ही टोके मोकळी असलेल्या मार्गावर खांब ९ लागतात, तर तेवढ्याच लांबीच्या बंद मार्गावर ८ पुरतात. हेच अंतर १,७०० मिमी ठेवल्यास ७ गाळे होऊन ११,९०० मिमी लांबी संपते आणि शेवटचा खांब टोकाच्या १०० मिमी अलीकडे थांबतो. टोकाला खांब असणे आवश्यक असेल, तर अशा वेळी मेजरचा आग्रह सोडून डिव्हाइडने ९ खांब घ्यावेत, म्हणजे अंतर नेमके १,५०० मिमी मिळते.

होम टॅबमधील मॉडिफाय पॅनेलवर ॲरेच्या यादीतून पाथ ॲरे निवडावे. आधी वस्तू निवडून एंटर द्यावे, मग मार्गरेषेवर क्लिक करावे. हे क्लिक आरंभबिंदूच्या बाजूला करावे, कारण मांडणी त्या टोकाकडून सुरू होते. रिबनवर उघडणाऱ्या ॲरेच्या टॅबमध्ये पद्धत, संख्या किंवा अंतर भरावे आणि प्रतींना मार्गाशी जोडलेले ठेवणारा असोसिएटिव्ह हा पर्याय चालू ठेवावा.

प्रती वळणानुसार फिरायला हव्या असतील तर अलाइन आयटम्स चालू करावे. झाडांच्या चिन्हांसारख्या वस्तूंची दिशा एकच राहायला हवी असेल तर ते बंद करावे. फिरूनही वस्तू तिरक्या दिसत असल्या, तर टॅन्जंट डायरेक्शनमध्ये वस्तूवरील दोन बिंदू देऊन तिची कोणती बाजू मार्गाला समांतर राहील हे सांगावे. चढत्या-उतरत्या त्रिमितीय मार्गावर खांब उभेच राहावेत यासाठी झेड डायरेक्शनचा पर्यायही तपासावा, अन्यथा ते उतारासोबत कलतात.

इथे एक बाब सहसा नजरेतून सुटते. ॲरेमधील अंतर मार्गरेषेवरून मोजले जाते, दोन प्रतींमधील सरळ अंतर त्याहून कमी भरते. १,००० मिमी त्रिज्येच्या कंसावर सुमारे १,०४७ मिमी अंतराने ठेवलेल्या दोन खांबांमध्ये सरळ मोजल्यास १,००० मिमीच मिळतात. खांबांमध्ये सरळ पट्ट्या किंवा काचा बसणार असतील, तर त्यांची मापे ॲरेच्या आकड्यावरून न घेता रेखाटनात प्रत्यक्ष मोजूनच घ्यावीत. त्रिज्या जितकी लहान तितका हा फरक मोठा.

पुढे मार्गरेषेच्या ग्रिप्स (रेषा निवडल्यावर तिच्यावर दिसणारे छोटे चौकोन) ओढल्या की प्रती आपोआप नव्या वळणावर येतात. मेजर पद्धतीत संख्या आपोआप मोजण्याचा पर्याय चालू असेल, तर लांबी वाढताच खांबही वाढतात. सर्व प्रतींमध्ये एकदम बदल करायचा असल्यास मूळ वस्तू संपादित करू देणारे एडिट सोर्स वापरावे आणि काम संपल्यावर ॲरेक्लोज कमांडने बाहेर पडावे. फाटकासाठी एखादाच खांब वगळायचा असेल, तर कंट्रोल की दाबून फक्त तो निवडावा आणि काढून टाकावा. रीसेट ॲरेने तो परतही आणता येतो. याच कारणाने आराखडा पक्का होईपर्यंत ॲरे एक्सप्लोड करू नये, कारण त्यानंतर प्रत्येक प्रत सुटी होते आणि मार्गरेषा हलवली तरी ती जागची हलत नाही.