पत्त्यांच्या डावातून इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे सातवीतल्या मुलाला शब्द बऱ्यापैकी माहीत असतात, धडाही वाचता येतो. घोडं अडतं ते तोंड उघडताना. पत्ते इथे फार कामाला येतात. डावात प्रत्येकावर पाळी येते आणि तेच वाक्य दहा वेळा म्हणावं लागलं तरी मुलं कंटाळत नाहीत. पण कळव्यात माझा संध्याकाळचा वर्ग घेताना आणि ऐरोली-घणसोलीच्या मैत्रिणींचे वर्ग बघताना एक गोष्ट सारखी जाणवते. डाव रंगतो, मुलं खूश होतात आणि अख्ख्या तासात धड इंग्रजी वाक्य मात्र एखाददुसरंच ऐकू येतं.

न बोलता जिंकता येणारा डाव

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. जोड्या लावायचा खेळ घ्या. पानं पालथी मांडायची, दोन उलटायची, चित्र जुळलं की जोडी आपली. हुशार मूल मुकाट्याने सगळ्या जोड्या गोळा करतं. त्यात स्मरणशक्तीला काम मिळालं, जिभेला काहीच नाही. शिक्षक मधूनमधून ‘इंग्रजीत बोला रे’ म्हणत राहतात, पण त्याचा उपयोग होत नाही, कारण न बोलल्याने मुलाचं काही बिघडत नसतं. म्हणून ते खेळाच्या नियमातच घाला: वाक्याशिवाय पान हलणार नाही. जोडी जुळली पण वाक्य अर्धवट राहिलं, तर पानं पुन्हा पालथी.

त्याहून सोपं म्हणजे बोलल्याशिवाय पुढेच सरकत नाहीत असे खेळ निवडणं. ‘नॉट ॲट होम’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळतात. समोरच्याकडे पान मागायचं, नसेल तर तो ‘नॉट ॲट होम’ म्हणणार. ‘गो फिश’ हा त्याच्याच जातीचा. दोघं-तिघं असतील तर सात-सात पानं वाटा, जास्त असतील तर पाच-पाच. मागितलेलं पान समोरच्याकडे नसलं की गड्डीतून एक उचलायचं. इथे मूल हमखास ‘यू हॅव मँगो?’ असं विचारतं, कारण मराठीत ‘आहे का’ शेवटी लावलं की प्रश्न होतो. ‘डू यू हॅव अ मँगो?’ ही पट्टी बाकावर चिकटवून ठेवा आणि नियम करा की पूर्ण प्रश्न आल्याशिवाय पान द्यायचं नाही. मग चूक पकडायचं काम तुमच्याकडे राहत नाही. ज्याचं पान जाणार असतं तो कान टवकारूनच ऐकतो आणि ‘डू’ गाळला रे गाळला की पान घट्ट धरून बसतो.

अनेकवचनासाठी ‘चॅलेंज’सारखा दुसरा खेळ नाही. पानं पालथी टाकत ‘थ्री नाइव्ह्ज’, ‘टू चिल्ड्रन’ असं जाहीर करायचं, मग पानं खरंच ती असोत वा नसोत. थाप मारतानाही शब्द बरोबरच म्हणावा लागतो. नुसतं ‘तीन’ म्हटलं तर पानं परत घ्यायची.

ऊनो आहे तसाच खेळवणं

ऊनो हा रंगीत पत्त्यांचा खेळ. वरच्या पानाशी रंग किंवा आकडा जुळणारं पान टाकायचं. वाशीत, ठाण्यात कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात तो मिळतो, म्हणून वर्गात तोच येतो. अमेरिकेत ओहायोच्या मर्ल रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये तो घरच्यांसोबत खेळायला काढला. भाषा शिकवायचा त्यात हेतूच नव्हता. चार रंग आणि शून्य ते नऊ आकडे, एवढंच इंग्रजी त्यात आहे, आणि ते पाचवीच्या मुलाला आधीच येतं. शेवटचं पान उरल्यावर ‘ऊनो’ म्हणायचं, तेवढंच बोलणं.

पण त्याची रचना सोन्यासारखी आहे. रंगांना काळ द्या: लाल म्हणजे काल, हिरवा म्हणजे रोज, पिवळा म्हणजे आत्ता, निळा म्हणजे उद्या. फळ्यावर दहा क्रियापदं लिहा आणि प्रत्येकाला शून्य ते नऊपैकी एक आकडा द्या. पाच म्हणजे ‘गो’, दोन म्हणजे ‘ईट’ असं. आता लाल पाच टाकणारा म्हणेल, ‘यस्टरडे आय वेंट टू मुंब्रा.’ पुढच्याकडे लाल दोन असेल तर काळ तोच राहून क्रियापद बदलेल: ‘यस्टरडे आय एट पोहे.’ हिरवा पाच असेल तर क्रियापद तेच राहून काळ बदलेल: ‘एव्हरी डे आय गो टू स्कूल.’ रंग आणि आकडा जुळवण्याच्या नादात मुलं क्रियापदाची रूपं उलटीसुलटी फिरवत राहतात. पाळी उलटवणारं पान आलं की शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा. हा डाव सहावीच्या पुढेच खेळवा. त्याआधी भूतकाळाची रूपं कच्ची असतात आणि खेळ दर पानाला अडतो.

नव्या शब्दांची गर्दी

एका गड्डीत बारा जोड्या पुरे, आणि त्यातले नवे शब्द चार-पाचच हवेत. खेळही शक्यतो मुलांच्या ओळखीचा घ्या. गुलामचोर, झब्बू, बदाम सात यांचे नियम समजवायला वेळ लागत नाही. खेळ नवा असेल तर नियम खुशाल मराठीत सांगा आणि एक डाव पानं उघडी ठेवून खेळा. नियम इंग्रजीतून समजवण्यात अर्धा तास घालवला तर खेळायला काय उरणार? एका गड्डीवर चारच मुलं बसवा. आठ बसवली की पाळी यायला इतका वेळ लागतो की उरलेली सहा खिडकीबाहेर बघतात.

गुलामचोरात आणखी एक अडचण आहे. ज्याची पानं आधी संपतात तो सुटतो, म्हणजे चांगलं खेळणाऱ्याला बोलायला सगळ्यात कमी मिळतं. तिथे जमवलेल्या जोड्या मोजा आणि वेळ ठरवून डाव थांबवा.

दर वाक्याला टोकणं

ठरलेल्या वाक्यापुरतं काटेकोर राहा, बाकी सोडून द्या. मूल डावाच्या भरात ‘ही इज चीटिंग मी, टीचर!’ असं स्वतःहून ओरडलं, तर त्या क्षणी त्याचं व्याकरण तपासू नका. ते वाक्य त्याचं स्वतःचं आहे. ऐकलेल्या चुका वहीत टिपा आणि डाव संपल्यावर नाव न घेता दोन-तीन फळ्यावर लिहा.

पानं बनवताना

एक मुलगा पाणी पितोय, असं चित्र. तुम्हाला ‘ड्रिंक’ हवं असतं, एक मूल ‘वॉटर’ म्हणतं, दुसरं ‘बॉय’, आणि वाद सुरू. खेळाआधी सगळी पानं एकदा दाखवून शब्द पक्के करा. क्रियापदांच्या पानांना वेगळ्या रंगाची चौकट द्या. चित्राशेजारी मराठी शब्द लिहू नका. डोळे तिथेच जातात.

झेरॉक्सचा कागद वापरू नका, मागून आरपार दिसतं. ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) जाड आर्ट कार्ड घ्या. ६३ बाय ८८ मिलिमीटरची, म्हणजे नेहमीच्या पत्त्याएवढी नऊ पानं एका ए-फोरवर बसतात. आपल्याकडे पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो आणि वाकलेलं पान मुलं पाठीवरूनच ओळखतात. म्हणून लॅमिनेशन हवंच. मात्र आधी पानं कापा आणि मग कडेला थोडी जागा सोडून लॅमिनेट करा. मोठा ताव लॅमिनेट करून नंतर कापला तर कडा उघड्या पडून ओल आत शिरते. कोपरे गोल कापा, हाताला टोचत नाहीत.

पालकांना न सांगता सुरुवात करणं

गणपतीच्या जागरणाला जे घर हौसेने पत्ते खेळतं, तेच घर मुलाच्या दप्तरात पत्ते सापडले की बिथरतं. त्यांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नका. पहिला महिना राजा-राणी-गुलाम टाळून चित्रांचीच पानं वापरा. पैसे, गोळ्या, बिस्किटं असं काहीही पणाला लावू देऊ नका. पालकसभेत आई-वडिलांनाच एक डाव खेळायला बसवा. नंतर बारा जोड्यांची गड्डी मुलासोबत घरी द्या. घरी आजीने पान मराठीत मागितलं तरी चालेल. मुलाने उत्तर इंग्रजीत द्यायचं आणि आपल्या पाळीला प्रश्नही इंग्रजीतच विचारायचा.