शाखा ठरलेली नाही? मग गोव्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज असं निवडा

बारावीचा निकाल लागला की काकापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच विचारतात, 'कॉम्प्युटर की मेकॅनिकल?' उत्तर नसेल तर लाजू नका. अशा वेळी कॉलेजच्या नावाआधी तिथे शाखा बदलायला किती वाव आहे, ते बघायचं.

आधी नको त्या शाखांवर फुली मारा. त्यासाठी दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून वाचा. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग असं बहुतेकांना सारखंच असतं. थर्मोडायनॅमिक्सची नुसती प्रकरणं वाचून जांभई आली, तर मेकॅनिकल गेलं.

मग कुठे कोणत्या शाखा आहेत, ते मांडा. फर्मागुडीचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ चं. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलपासून आयटीपर्यंत बरंच काही तिथे आहे. त्याच परिसरात २०१६ मध्ये सुरू झालेल्या आयआयटीचं नाव मोठं, पण शाखा मोजक्याच. कुंकळ्ळीची एनआयटी, वेर्णा, शिरोडा, फातोर्डा, आसगाव इथली खासगी कॉलेजंही यादीत घ्या. घरून रोज जाणार असाल तर येण्याजाण्याचा वेळ मोजा. पेडण्याहून वेर्णा नकाशावर जवळ दिसतं. पावसात बसने जाऊन बघा.

आता मुख्य प्रश्न: आत गेल्यावर शाखा बदलता येते का? साधारणपणे पहिल्या वर्षाचे गुण आणि रिकाम्या जागा यांवर ते ठरतं, पण नियम जागोजागी वेगळे. 'होतं हो, बघू' या उत्तरावर जाऊ नका, लेखी नियम मागा. झुआरीनगरच्या बिट्स या खासगी संस्थेत एक वेगळी वाट आहे. तिथल्या बारावीनंतरच्या एमएस्सीला प्रवेश घेतला, तर पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर, म्हणजे सरासरी गुणांकावर, जोडीला इंजिनिअरिंगची शाखा मिळते. पण त्यात पाच वर्षं जातात आणि फी भरपूर, हे घरी आधीच बोलून घ्या.

कॉलेज बघायला साध्या कामाच्या दिवशी जा. वर्कशॉपमध्ये मशीन चालू आहेत की झाकून ठेवलीत, ते बघा. तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी कँटीनमध्ये गाठा. माहितीपत्रकात नसलेलं तो सांगेल.

आयआयटी-एनआयटीच्या जोसा, म्हणजे एकत्रित प्रवेशाच्या, फेऱ्यांत सीट स्वीकारताना 'स्लाइड' निवडलं, तर त्याच संस्थेतली वरच्या पसंतीची शाखा पुढच्या फेरीत मिळू शकते. मात्र ती शाखा तुमच्या पसंतीच्या यादीत मिळालेल्या सीटच्या वर लिहिलेली हवी. म्हणून यादी लॉक करण्याआधी प्रत्येक संस्थेच्या शाखांचा क्रम कागदावर लिहून काढा.