सीट हीटर गरम होत नाही? पॅड बदलण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशिककरांना गाडीतलं सीट हीटरचं बटण आठवतं. एरवी त्याला कोण हात लावतो? त्यामुळे बिघाड कधीचा आहे हे मालकालाही ठाऊक नसतं आणि गॅरेजात थेट निकाल लागतो, ‘पॅड गेलं, सीट उसवावी लागेल.’ पॅड म्हणजे सीट कव्हरखालची, तापणाऱ्या तारेची गादी. इतकी घाई नको.

पहिली गोष्ट, इंजिन चालू करून बघितलंत का? बऱ्याच गाड्यांत नुसत्या इग्निशनवर हीटर चालत नाही आणि बॅटरी उतरलेली असेल तर मॉड्यूल, म्हणजे हीटरचा करंट सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आधी याच सप्लायवर गदा आणतं. बटणाचा दिवा लागला म्हणजे फ्यूज ठीक, हाही भ्रमच. दिव्याची आणि हीटरची लाइन वेगळी असू शकते. फ्यूज डोळ्यांनी बघू नका, टेस्ट लॅम्पने दोन्ही टोकं तपासा. तो पुन्हा उडाला तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज तर मुळीच लावू नका. तार जळण्याआधी फ्यूज जळावा, म्हणून तर तो असतो. अशा वेळी सीटच्या रेलखाली चिमटलेली वायर शोधा.

सीटखाली हात घालण्याआधी इग्निशन बंद करा, बॅटरीची मायनस तार काढा आणि काही मिनिटं थांबा. तिथला पिवळा कपलर (वायरी जोडणारा प्लग) एअरबॅगचा किंवा अपघातात बेल्ट आवळणाऱ्या टेन्शनरचा असतो. त्याला मीटर लावणं म्हणजे जिवाशी खेळ. हीटरचा कपलर ओळखून सुटा केला की बॅटरी पुन्हा जोडूनच पुढची मापं घ्यायची, पिवळा कपलर मात्र जागच्या जागी.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कपलर सोडवून मीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, ‘सप्लाय ओके’! पण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. तारेची एकच काडी शिल्लक असली किंवा पिन हिरवी पडली असली, तरी तो खुशाल 12 दाखवतो. हीटरने चार-पाच अँपिअर मागितले की तेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून मॉड्यूलच्या आधीच्या सप्लाय पिनवर 21 वॅटचा बल्ब लावा; तो पावणेदोन अँपिअर ओढतो. मिणमिणला तर दोष वायरिंगमध्ये. मग कपलर जोडून, हीटर चालू ठेवून, पिनच्या मागून सीटची अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस तार) आणि बॅटरीची मायनस यांच्यातला फरक मोजा. 0.2 व्होल्टपेक्षा बराच जास्त आला तर कार्पेटखालचा अर्थचा बोल्ट घासा. पावसाळ्यात ओले बूट आणि छत्र्या तिथेच निथळतात, गंज चढायला तेवढं पुरतं. मॉड्यूलच्या पुढे मात्र सप्लाय झटपट चालू-बंद होत असेल, तर साधा मीटर सरासरी दाखवतो. तिथे 6 व्होल्ट दिसले म्हणून मॉड्यूल बदलू नका.

इतकं निर्दोष निघालं तरच पॅडकडे वळा. कपलर सोडून ओहम मोजा: काही मोजके ओहम हवेत. 3 ओहम म्हणजे 12 व्होल्टवर 4 अँपिअर. मीटर ओपन दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे. मागच्या सीटवर सामान ठेवायला पुढच्या सीटवर गुडघा टेकवणं हे त्याचं नेहमीचं कारण, दुसरं म्हणजे कव्हर बसवताना घुसवलेले हुक. बसायचा आणि पाठीचा पॅड सिरीजमध्ये असतील तर एक तुटला की दोन्ही गार. दिवा लागून काही सेकंदांत विझत असेल तर पॅडबरोबर तापमानाचा सेन्सरही तपासा.

पॅड बदलून सीट पुन्हा शिवताना साइड एअरबॅगची शिवण साध्या जाड दोऱ्याने घालू देऊ नका. एअरबॅग फुगताना ती उसवायलाच हवी.