लॅपटॉप फक्त मेमध्ये रखडतो की बारा महिने? जुना लॅपटॉप घरी सुधारताना

लॅपटॉप स्लो झाला की बहुतेक जण एकतर फॉरमॅट मारून आणतात, नाहीतर थेट नवा बघायला निघतात. त्याआधी तो नेमका कधी स्लो होतो ते पाहा.

थंडीत नीट चालतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की पंखा घोंघावतो आणि सगळं अडकतं? मग दोष धुळीचा आणि उष्णतेचा. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. बारा महिने सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं लागत असतील, तर हार्ड डिस्क बदलायची वेळ झाली आहे. आणि एरवी ठीक, पण ब्राउझरचे दहा टॅब व टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) एकत्र उघडल्यावरच अडत असेल, तर रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) कमी पडते आहे.

आत काय आहे ते न उघडताही कळतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा. डिस्कपुढे एचडीडी (हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) ते दिसतं, आणि मेमरीखाली रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत तेही.

उघडण्यापूर्वी

डेटाची प्रत दुसरीकडे काढा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण पार्ट बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. चार्जर काढा.

काम गुळगुळीत टेबलावर करा. चादर किंवा टॉवेल अंथरून बसू नका, मग तो कितीही अस्सल सोलापुरी असो. त्याचं तूस आत जातं, बारीक स्क्रू हरवतात आणि कोरड्या हवेत स्थिर वीजही तयार होते. हात घालण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा.

स्क्रू सगळे सारखे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या कव्हरला भोक पडू शकतं. कागदावर लॅपटॉपची आकृती काढा आणि ज्या जागचा स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावा. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण अडतंय म्हणून जोर लावण्याआधी तिथे बघा. फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका, जुनं एटीएम कार्ड पुरतं. उघडल्याबरोबर पहिलं काम म्हणजे बॅटरीचं कनेक्टर सोडवणं.

सफाई

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे शेजारीच यंत्रमाग खडखडतात, तिथल्या लॅपटॉपमध्ये नुसती धूळ नसते. पंखा आणि तांब्याच्या नळीपुढची जाळी यांच्यामध्ये सुताचे तंतू बसून नमद्यासारखा थर होतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर हलत नाही, उलट आत दाबला जातो. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचला, थर चिमट्याने अख्खा ओढून काढा, मग मऊ ब्रश फिरवा. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर वेड्यासारखी फिरून बेअरिंग जातं. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढलाच, तर त्याखालची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका. कारखान्यात बिलं करायला ठेवलेल्या मशीनची ही सफाई दर उन्हाळ्याआधी करावी असं माझं मत आहे.

एसएसडी

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते, एसएसडीत हलणारं काहीच नसतं. साटा (जुन्या डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी सेकंदाला सुमारे 500 एमबी वाचते, जुनी डिस्क साधारण 100. जुन्या मशीनला अडीच इंची साटा लागते, नव्याला बहुधा एम डॉट टू (बोर्डावर थेट बसणारी पातळ पट्टी). एम डॉट टूमध्येही साटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई हे दोन प्रकार असल्याने मॉडेल नंबर दाखवूनच घ्या. आधी यूएसबी केबलने जोडून क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढा, मग बसवा. जुन्या डिस्कची धातूची चौकट काढून नवीला लावायला विसरू नका.

रॅम

डीडीआर3 आणि डीडीआर4 या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे चुकीची बसतच नाही. खरा घोळ डीडीआर3 आणि डीडीआर3एलचा. एल 1.35 व्होल्टवर चालते, साधी 1.5 वर. दिसायला सारख्याच, पण एल मागणारं मशीन साध्या रॅमवर बहुधा सुरू होत नाही. रॅम तिरकी सरकवा आणि दोन्ही बाजूंच्या क्लिप 'टक' करेपर्यंत खाली दाबा. पहिल्यांदा स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर थांबा. तरीही काळीच असेल, तर रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसून पुन्हा बसवा.

टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. वापर तिथेच थांबवा, टोचू-दाबू नका आणि ती काढायला कारागिराकडे द्या. मदरबोर्डचं सोल्डरिंगही त्याच्याकडेच.

विंडोज 10 चा मोफत सपोर्ट (सुरक्षा अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीची मशीन सहसा विंडोज 11 च्या यादीत नाहीत. त्यांना एसएसडीपलीकडे मोठा खर्च नको. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून ती अभ्यासाला छान चालतात.

काढलेली हार्ड डिस्क लगेच पुसू नका. नव्या एसएसडीवर सगळ्या फाइल उघडतात याची खात्री झाली, की दोन-अडीचशेच्या यूएसबी केसिंगमध्ये घालून ती फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी ठेवा.