संग्रहालयात शिरायचंय? आधी मुंबईची हवा ओळखा

संग्रहालयात काम करायचंय म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा आणि प्रदर्शनं आखणारा माणूस असतो: हातमागाचा कुर्ता, उद्घाटनाचं भाषण, पाहुण्यांसोबत फेरफटका. तेही असतं, पण फार पुढे. सुरुवातीची वर्षं खोके, कागद, फोटो आणि हवेच्या नोंदी यांत जातात.

मुंबईत तर हवा हाच मोठा विषय. जुलैत बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. कागद फुगतो, लाकडाला बाक येतो, चित्राच्या पाठीवर बुरशी धरते. त्यातही दमटपणातला अचानक चढउतार जास्त घातक. दिवसभर एसी आणि रात्री बंद, ही बचत चित्रांना महाग पडते. म्हणून शोकेसमध्ये दमटपणा शोषणारं सिलिका जेल, कोपऱ्यात हवेची नोंद ठेवणारा डेटालॉगर. परगावचा क्रेट आला की निदान २४ तास तसाच खोलीत ठेवायचा. आतल्या वस्तूला इथल्या हवेची सवय होऊ द्यायची. उद्घाटन तोंडावर असताना बंद खोक्यांसमोर शांत बसणं भल्याभल्यांना जमत नाही.

उजेडही असाच मोजून, लक्स या एककात. लघुचित्रं, जलरंग, कापड यांना ५० लक्सच्या आसपास. तैलचित्रांना २०० पर्यंत चालतं. 'इथे एवढा अंधार का?' हे लोक विचारतातच. न वैतागता उत्तर देणं हेही कामच आहे.

चित्र बघायला मात्र मला कंडिशन रिपोर्टनं, म्हणजे वस्तूच्या अवस्थेच्या लेखी नोंदीनं शिकवलं. टॉर्च बाजूनं तिरका धरायचा की सुटत आलेली खपली, बारीक तडा, कुणीतरी केलेली जुनी डागडुजी सगळं उठून दिसतं. ते मोजून, फोटो काढून लिहायचं. उसनी आलेली वस्तू येताना आणि जाताना, दोन्ही वेळा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७ साली 'इंडिया अँड द वर्ल्ड' भरलं, त्यात ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालयही होतं. अशा प्रदर्शनामागे करार, विमा, कस्टम्स यांच्या फायलींचे गठ्ठे असतात. ज्याला फाइल नीट लावता येते त्याला इथे मान आहे, आणि कलाशाखेत हे कुणी सांगत नाही.

शिकण्यासाठी बडोद्याच्या विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा जुना विभाग आहे. पण प्रवेश मिळेपर्यंत मुंबईतल्या इमारती बघा, आणि बघताना भिंतीकडे लक्ष द्या. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे. मुळात ते सभागृह, आता आत अर्धगोलाकार मजले एकावर एक. वाकड्या भिंतीवर सपाट चित्र कसं लावलंय, ते बघाच. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं. तिथली जुनी कपाटं आणि मातीच्या छोट्या प्रतिकृती पाहताना लेबलं वाचा. पन्नास शब्दांत काय ठेवलं आणि काय गाळलं, ते वहीत टिपा. बुधवारी ते बंद असतं, बाकीची बरीचशी सोमवारी. राणीच्या बागेपर्यंत जाऊन परत फिरणारे कमी नाहीत.

जहांगीर आर्ट गॅलरीला अनेक जण संग्रहालय समजतात. १९५२ साली सुरू झालेली ही गॅलरी चित्रकारांना जागा भाड्यानं देते, आणि तारखेसाठी काही वर्षं थांबावं लागतं. (तिथलं समोवार हे कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, त्याची हळहळ अजून आहे.) प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार. म्हणजे सोमवारी संध्याकाळी जुनं उतरतं, नवं चढतं, आणि चित्रकाराला हात कमीच पडत असतात. ओळख काढा, मदतीला जा. चित्राचा मध्य नजरेच्या उंचीवर कसा धरायचा, दोन चित्रांत किती मोकळी जागा सोडायची, हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

पगाराचं स्पष्ट बोलते: सुरुवातीला कमी, आणि बहुतेकदा प्रोजेक्टपुरतं काँट्रॅक्ट. मुलाखतीला जाताना पदवीच्या कागदांसोबत स्वतः लिहिलेले दोन-तीन कंडिशन रिपोर्ट न्या. घरातल्या जुन्या फोटोचा असला तरी चालेल.