प्रेस नोटची पहिली ओळच सुचत नव्हती, ती अशी सुचली

लक्षण असं: कार्यक्रमाची सगळी माहिती हाताशी, पण प्रेस नोट सुरूच होत नाही. झालीच तर 'सालाबादप्रमाणे यंदाही'ने किंवा मान्यवरांच्या यादीने. मग छापून येतात दोन ओळी आणि त्यात वेळ-ठिकाणच नसतं. आमच्या नाशिकच्या मंडळात यापायी सगळे अगदी मेटाकुटीला आले होते.

जुन्या नोटची तारीख बदलून पाहिली, आधी मथळा ठरवून पाहिला, अध्यक्षांच्या मनोगतापासूनही सुरुवात केली. काही उपयोग झाला नाही.

जमलं ते असं. कोऱ्या कागदावर कोण, काय, कुठे, कधी यांची उत्तरं सुटी लिहिली. 'का' आणि 'कसं' मुद्दाम बाजूला ठेवलं. मग वाचकाच्या कामाचं उत्तर पुढे घेऊन एकच वाक्य केलं:

'गोदाघाटावर रामकुंड परिसरात रविवारी (दि. १४) सकाळी ७ वाजता स्वच्छता मोहीम होणार असून, नागरिकांनी हातमोजे घेऊन सहभागी व्हावे.'

ते मोठ्याने वाचलं. एका दमात वाचून झालं, तेव्हाच त्याआधी बातमीचं गाव म्हणून 'नाशिक :' लावलं. दुसऱ्या परिच्छेदात 'का' आणि नावनोंदणीचा फोन, तिसऱ्यात मान्यवर. मथळा सर्वांत शेवटी. जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो, म्हणून फोन नंबर तळाशी ठेवू नका.

आणि मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये), थेट मेलमध्येच चिकटवा. फोटो वेगळा जोडा. पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की जोडाक्षरं बरेचदा फुटतात.