गावपाहणीला पहिल्यांदा जाताना : कुणाला, कधी आणि काय विचारायचं

‘गावाचा विकास झालाय का?’ असं कोल्हापूर जिल्ह्यात कुठंही विचारलं तरी ‘व्हय, बरं हाय की’ यापलीकडं फारसं काही हाती लागत नाही. माणूस आपलं राहणीमान पाणी, पाणंद, दवाखाना, दुधाचं बिल, पोराची नोकरी अशा एकेका गोष्टीवरून जोखतो. म्हणून विचारायचंही तसंच, एकेक करून.

पाण्याचंच घ्या. ‘नळ आहे का?’ याला ‘आहे’ म्हणतात आणि तिथंच विषय संपतो. त्याऐवजी काल पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, किती घागरी भरल्या, बाकीचं कुठून आणलं, हे विचारा. घरातली घागर मोजमाप केलेल्या बादलीत ओतून तिचे लिटर काढा. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर आहे, म्हणजे पाच जणांच्या घराला 275. एकाच नळयोजनेवर टाकीजवळची गल्ली खूश आणि चढावरची शेवटची वस्ती नाराज, हे चित्र नेहमीचं. म्हणून प्रत्येक उत्तरापुढं वस्तीचं नाव हवंच. ते नसलं की सरासरी निघते आणि चढावरची तक्रार त्यात बुडून जाते.

घरं निवडताना ग्रामपंचायतीचा नमुना 8 उपयोगी पडतो. 600 घरांतून 60 हवी असतील तर पहिल्या दहांतून एक चिठ्ठीनं काढा आणि पुढं दर दहावं घर घ्या. पण ही घरपट्टीची यादी आहे, माणसांची नव्हे. एका नोंदीत दोन भावांच्या दोन चुली असतात, तर ऊसतोड मजुरांच्या खोपी त्यात नसतातच. त्यामुळं एक चूल म्हणजे एक कुटुंब असं एकक धरा आणि खोप्यांची यादी स्वतः फिरून करा.

वेळ चुकली तर अर्धी माणसं भेटत नाहीत. सकाळ-संध्याकाळ धारा आणि डेअरी, दिवसभर भांगलण (खुरपणी) किंवा ऊसतोड. बायकांशी बोलायला दुपारच्या जेवणानंतरचा तास बरा, तोही घराच्या सोप्यात (पुढच्या खोलीत), सरपंचांच्या ओट्यावर नको. सरपंच किंवा सदस्य शेजारी बसले की गटारीची तक्रार कुणी करत नाही.

समाधानाला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं की बहुतेक जण मधला आकडा धरतात. मक्याचे वीस दाणे द्या, जमिनीवर पाणी, रस्ता, दवाखाना, शाळा, रोजगार असे पाच चौकोन आखा आणि जिथं जास्त काम हवं तिथं जास्त दाणे ठेवायला सांगा. बाया आणि पुरुष वेगळे बसवा. सगळ्यात महत्त्वाचं दाणे ठेवून झाल्यावर येतं : ‘इथं एवढे का?’ त्याचं उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

काळाची तुलना ‘पाच वर्षांपूर्वी’ अशी विचारू नका, आठवण घोटाळते. शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या नदीकाठाला ‘2019 च्या पुराआधी’ म्हटलं की लगेच कळतं. तिथं पक्कं घर असलेलाही पावसाळ्यात स्वतःला सुरक्षित मानत नाही. शाहूवाडी, गगनबावड्याच्या धनगरवाड्यांवर हाच प्रश्न रस्त्याचा होतो : पावसात आजारी माणूस खाली कसा न्यायचा? दोन्हीकडं एकच प्रश्नावली चालवली तर दोन्हीकडचं दुखणं निसटतं.

कागद-पेन दिसलं की घरकुलाची किंवा पूरभरपाईची यादी आली असं वाटतं आणि अडचणी वाढवून सांगितल्या जातात. ‘यातून कुणाला काही मिळणार नाही’ हे आधीच स्पष्ट सांगा. आधार किंवा बँकेचा क्रमांक मागूच नका.

निष्कर्ष गावाला परत देणं टाळू नका, तो त्यांचा हक्क आहे. ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा ज्या ग्रामसभेत होणार असेल तिच्या आधी, वस्तीनिहाय एका पानाचा तक्ता करून वस्तीतच मोठ्यानं वाचा. चुका लोक तिथल्या तिथं दुरुस्त करतात. तो दुरुस्त कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) देऊन पोच घ्या.